बरोबरीत सुटलेला डाव: तुमचा किस्सा सांगा

तलावपाळीकर
काल संध्याकाळी तलावपाळीच्या बाकावर शेजारचे काका आणि मी बुद्धिबळाचा पट मांडला. मी सरळसरळ जिंकत होतो. शेवटी माझ्याकडे उंट आणि अगदी कडेचं प्यादं, काकांकडे नुसता राजा. त्यांनी तो कोपऱ्यात नेऊन बसवला आणि चण्याची पुडी उघडली. "ढकल आता किती ढकलायचं ते!" प्यादं वजीर होणार ते कोपऱ्याचं घर काळं, माझा उंट फक्त पांढऱ्या घरांवर चालणारा. राजाला तिथून हुसकावणार कोण? काळ्या घरांवरचा उंट दहा चालींआधी मीच हौसेने घोड्यासाठी देऊन टाकलेला. काका जिंकल्यावर बोलतात त्याच्या चौपट काल बोलले. तुमचेही असे डाव असतील, लिहा.

कोपरखैरण्याचा वजीर
सोसायटीच्या गणपतीतली स्पर्धा, समोर दुसरीतली मुलगी. तिचा राजा कोपऱ्यात एकटा. माझ्याकडे वजीर, हत्ती, तीन प्यादी. वजीर ठेवला तो नेमका त्या राजापासून घोड्याच्या घरावर. शह नाही, हलायला घरही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. "काका, स्टेलमेट!" आरती थांबेल एवढ्या मोठ्याने ओरडली. तेव्हापासून मांडवात माझं नाव तेच.

नेरूळकर
आमचं तर भांडणच झालं. मित्र म्हणे, तीनदा शह दिला, बरोबरी! अरे, शह मोजत नाहीत. पटावर तीच स्थिती, चाल त्याच खेळाडूची, अशी तीनदा यावी लागते. बरोबरीही आपण मागायची. पंच आपणहून थांबवतात ते पाचव्यांदा आल्यावर. ५० चालींचंही तसंच. दोघांच्याही ५० चालींत ना प्यादं हललं, ना काही मारलं गेलं, तर मागा. नाही मागितलं तर पंच ७५ला डाव थांबवतात. मित्र अजून शहच मोजतो.

घोडबंदर
घड्याळात माझी वेळ संपली, पण समोरच्याकडे नुसता राजा, त्याने मात होणार कशी? बरोबरी, अर्धा गुण! त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

८:१२ची लोकल
ठाणे-वाशी गाडीत एकाच फोनवर आमचा डाव चालतो. मित्र ऐरोलीला उतरतो, म्हणून रोज बरोबरी. लोक हसतात. २०१८मध्ये लंडनला जगज्जेतेपदासाठी कार्लसन आणि कारुआना खेळले, तेव्हा मुख्य १२ डावांपैकी १२ बरोबरीत सुटले. त्यांना तर ऐरोलीही नव्हती.

तलावपाळीकर
कोपरखैरण्याचा किस्सा काकांना वाचून दाखवला. म्हणाले, त्या पोरीला एकदा तलावपाळीला आण. चणे माझ्याकडून.