शिव्या घालणारा पण भन्नाट दिग्दर्शक: आज खपेल का?

धरमपेठची विंग

राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रासाठी संहितांची शोधाशोध सुरू झाली की हा वाद दरवर्षी निघतोच, म्हणून इथे मांडते. आपल्या नाटकवाल्यांत असे दिग्दर्शक कायम होते. तालमीत आईबहिणीवरून बोलणार, वही तोंडावर भिरकावणार, नटाला सगळ्यांदेखत रडवणार, आणि पडदा उघडला की प्रयोग असा देखणा की प्रेक्षक हलणार नाही. 'शिव्या खाल्ल्या म्हणून घडलो' हे अभिमानाने सांगणारेही पुष्कळ.

आज असा माणूस चालवून घेतला जाईल का? हौशी संस्थेत कुणालाच पगार नाही, मग कायदा लागतो तरी का? आणि गोड बोलून नाटक ढिलं पडतं हा आक्षेप मला अगदीच खोटा वाटत नाही, तर शिव्या वजा करून तीच धार आणायची कशी? किस्से नकोत, ते चहाच्या टपरीवर भरपूर मिळतात. कामाचं सांगा.

काळा कोट, पांढरी कॉलर

कायद्यापुरतं बोलतो.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगार मोजत नाही. त्यात 'कर्मचारी' म्हणजे बिनमानधन, स्वेच्छेने किंवा शिकाऊ म्हणून काम करणारी बाईसुद्धा. कामाच्या जागेच्या व्याख्येत संस्था, न्यास, करमणुकीची कामं आणि राहतं घरही येतं. तालीम दिग्दर्शकाच्या गच्चीवर होते म्हणून तो सुटला, असं होत नाही. १० किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. १० पेक्षा कमी असतील, किंवा तक्रार संस्थेच्या मालक-चालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ही दुसरी अट नाटकवाल्यांनी पाठच करावी, कारण आपल्याकडे दिग्दर्शक, संस्थापक आणि खजिनदार बहुधा एकच गृहस्थ असतो. तक्रार ३ महिन्यांच्या आत, लेखी. सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

पण हा कायदा लैंगिक छळापुरता आहे आणि तक्रार फक्त महिलेला करता येते. 'गाढवा, तुला अक्कल नाही' हे त्यात बसत नाही. बाईच्या अंगावरून, कपड्यांवरून लैंगिक शेरा, अश्लील विनोद, 'सीनसाठी' म्हणून नको तिथे हात, हे बसतं.

बाकीच्यासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. हात उचलला तर कलम ११५(२), १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शांतताभंग होईल असा मुद्दाम केलेला अपमान कलम ३५२. दोन्ही अदखलपात्र, म्हणजे ठाण्यात नुसती अदखलपात्र नोंद (एनसी) लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. दिग्दर्शकांना हे नेमकं ठाऊक असतं, म्हणून ते बिनधास्त असतात. स्त्रीच्या विनयशीलतेचा शब्दाने किंवा हावभावाने अपमान मात्र कलम ७९, आणि ते दखलपात्र आहे.

दोन ठिकाणी कायदा बराच कडक आहे आणि नेमकं तिथेच कुणी बघत नाही. कॉलेजच्या एकांकिकेत दिग्दर्शक बहुतेक वेळा सीनियर विद्यार्थीच असतो. त्याने ज्युनियरला उठाबशा काढायला लावल्या किंवा रोज घाण शिव्या दिल्या, तर ते सरळ रॅगिंग आहे. यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, राज्याचा १९९९ चा कायदा आहे, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. दुसरं बालनाट्य. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारलं किंवा त्रास होईल असं वागवलं तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 'शिस्त लावत होतो' हा बचाव तिथे फार टिकत नाही.

प्रॉम्प्टरचा खड्डा

धार कशी आणायची याचं उत्तर देतो. मुळात शिवीने धार येते हेच तपासून बघण्यासारखं आहे.

ओरडा खाल्लेल्या नटाचं अंग बघा. खांदे वर जातात, जबडा आवळतो, श्वास पोटातून छातीत चढतो, आवाज गळ्यातून निघायला लागतो. अशा श्वासावर लांब वाक्य पेलत नाही, शेवट गिळला जातो. आणि मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी! 'मी तिला घरी आणलं' की 'आणलं नाही' हे नागपूरच्या देशपांडे सभागृहात मागच्या रांगांना कळतच नाही. त्यात नट घाईत येतो, कारण त्याला प्रसंग लवकर संपवून सुटायचं असतं. दिग्दर्शकाला वाटतं वेग आला. आलेली असते ती भीती. घड्याळ लावून बघा, अंक तीनचार मिनिटांनी आखूड होतो आणि गळालेली जागा नेमकी विरामांची असते.

तिसरं नुकसान उशिरा दिसतं. नट समोरच्या नटाकडे बघायचं सोडून डोळ्याच्या कोपऱ्यातून दिग्दर्शकाच्या खुर्चीकडे बघायला लागतो आणि स्वतःहून काही करून दाखवणं बंद करतो. असा प्रयोग स्पर्धेच्या एका रात्री चमकतो. दहाव्या प्रयोगाला मेलेला असतो, कारण खुर्ची रिकामी असते.

आता पद्धत. ४० दिवसांची संध्याकाळची तालीम धरली तर स्फोट ठरलेल्या दोन जागी होतात, आणि त्यांची कारणं स्वभावापेक्षा नियोजनात जास्त असतात.

पहिली जागा म्हणजे हातातून संहिता सुटते तो आठवडा. पाठांतराची तारीख मोघम असते, कुणी पाठ करून येतो, कुणी येत नाही, प्रसंग दर दोन वाक्यांनी अडतो. उपाय साधा आहे. वाचन ६-७ दिवस, मग हालचाली बसवणं, आणि पहिल्या अंकाची 'वही खाली' तारीख पहिल्याच दिवशी भिंतीवर. त्या तारखेपासून अडलेल्या नटाने भूमिका न सोडता फक्त 'वाक्य' म्हणायचं, प्रॉम्प्टरने पहिले तीन शब्द द्यायचे, बाकी कुणी सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. आठवड्यात अडणं अर्ध्यावर येतं.

दुसरी जागा प्रयोगाचा दिवस. स्पर्धेत खरा रंगमंच बहुतेकांना त्याच दिवशी हाती लागतो. सकाळी नेपथ्य उभं करायचं, दुपारी दिवे, संध्याकाळी प्रयोग. यात दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार, नेपथ्यवाला, संगीतवाला सगळे एकदम ओरडतात. नियम करा की मोठ्या आवाजात फक्त रंगमंच व्यवस्थापक बोलेल. दिग्दर्शकाने सहाव्या-सातव्या रांगेत बसायचं आणि जे सांगायचं ते त्याच्यामार्फत. पूर्ण नाटक चालवायचं नाही, क्यू (दिवा किंवा संगीत बदलायची खूण) ते क्यू उड्या मारायच्या: क्यूच्या आधीची दोन वाक्यं, क्यू, नंतरचं एक वाक्य, पुढे. दिव्यांचे ६० क्यू असतील तर यात अडीचतीन तास जातात. घाबरलेला लाइट ऑपरेटर क्यू लवकर घेतो. नटाआधी उजेड आला की समजा, दुपारी त्याची कुणीतरी काढली आहे.

नोट्सबद्दल एवढंच. रन संपल्यावर १० मिनिटं चहा, मग नोट्स. एका नटाला पाचपेक्षा जास्त नाहीत, पान क्रमांकासकट. 'तू लाकूड आहेस' ही नोट नाही, कारण त्यावर उद्या करायचं काय? 'पान ३१, दार लागल्याचा आवाज आल्यावर वळायचंय, तू तो यायच्या आत वळतोयस' ही नोट. हालचाल, वेग, क्यू सगळ्यांसमोर सांगा. आवाज, देह, उच्चार एकट्याला. तीच नोट तिसऱ्यांदा द्यावी लागली तर शब्द बदला, नटाला पहिले शब्द लागू पडले नाहीत इतकंच. रात्री अकरानंतर ग्रुपवर नोट टाकायची नाही.

बर्डीवाला

राजेहो, सगळं बरोबर आहे, पण दुसरी बाजू कोणी बोलूनच नाही राहिलं. हौशी दिग्दर्शकाच्या हातात असतं काय? पैसे देत नाही, कापत नाही. सातची तालीम, पावणेआठला लोक रमतगमत येतात, एक जण लग्नाला गेला, दुसऱ्याची परीक्षा. २० दिवस हेच चाललं की कोणाचंही डोकं फिरेल. शिवी वाईट, मान्य. पण दिग्दर्शकालाच सभ्यपणा शिकवायचा आणि नटाने वाट्टेल तसं यायचं, हे नाही चालत भाऊ.

म्हणून हजेरीचं आधी लिहून घ्या. किती गैरहजेऱ्यांनंतर भूमिका जाईल तो आकडा ठरवा आणि मोठ्या भूमिकांना पहिल्या आठवड्यातच बदली नट लावून ठेवा. बदली नट हॉलमध्ये बसलेला दिसला की मुख्य नट वेळेवर येते. शिवीपेक्षा हे लवकर लागू होतं.

लेव्हलवरचा माणूस

थपडेच्या प्रसंगाचं वेगळं लिहायला हवं, कारण 'खरी मार, नाहीतर वाटत नाही' हे वाक्य अजूनही ऐकू येतं. उघड्या पंजाची थप्पड कानावर बसली तर कानाचा पडदा फाटू शकतो. आणि खरी थप्पड दिसायलाही वाईट असते: मारणारा शेवटच्या क्षणी हात आखडतो आणि खाणारा आधीच डोळे मिटतो.

करायचं असं. दोघांत एक हात आणि वर वीतभर अंतर, म्हणजे हात पूर्ण ताणला तरी बोटं गालाला पोचत नाहीत. मारणाऱ्याची किंवा खाणाऱ्याची पाठ तिरकी प्रेक्षकांकडे, म्हणजे मधली फट दिसत नाही. आधी नजरानजर, ती खाणाऱ्याची परवानगी. नजर मिळाली नाही तर हात उचलायचाच नाही. हात चेहऱ्यासमोरून आडवा जातो, आवाज खाणारा काढतो, छातीशी झाकलेल्या जागी स्वतःच्या हातावर टाळी. मान वळते ती टाळीबरोबर, आधी नाही. पहिले तीनचार दिवस पाव वेगाने, मग अर्ध्या, मग पाऊण. प्रयोगातही पाऊणच्या वर जायचं नाही. दर प्रयोगाआधी पडदा बंद असताना दोघांनी एकदा करून बघायचं, कितवाही प्रयोग असो.

हे दिग्दर्शकाला येत नसेल तर तो 'खरी मार' म्हणतो. बहुतेक वेळा क्रौर्य कमी आणि तंत्राचा अभाव जास्त.

मंडईचा पाहुणा

'आज खपेल का' याचं उत्तर बाहेरच्या उदाहरणांतून नीट दिसतं. ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा, दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स कलाकारांना छळण्यासाठी कुप्रसिद्ध होता. तो उलटं चालत वाद्यवृंदाच्या खड्ड्याकडे जात राहिला आणि एकाही नर्तकाने त्याला सावध केलं नाही, अशी दंतकथाच आहे. तरी १९५७ मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी' त्याच्याकडेच होतं. पुढे त्याच नाटकाच्या चित्रपटातून त्याला मध्येच काढलं ते वेळापत्रक आणि खर्च हाताबाहेर गेला म्हणून, वागणुकीसाठी नाही. वर दिग्दर्शनाचं ऑस्कर रॉबर्ट वाइजबरोबर विभागून मिळालंच.

आता बेल्जियमचा रंगकर्मी यान फाब्र घ्या. २०१८ मध्ये त्याच्या कंपनीतल्या २० आजी-माजी लोकांनी खुलं पत्र लिहिलं आणि एप्रिल २०२२ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने त्याला १८ महिन्यांची स्थगित कैद सुनावली. शिकागोत प्रोफाइल्स थिएटरवर जून २०१६ मध्ये सविस्तर लेख आला, त्यात रंगमंचावरची मारामारी ठरल्याप्रमाणे न होता खरीच होत असल्याचे आरोप होते. काही दिवसांत थिएटर बंद. २०१७ मध्ये तिथल्या रंगकर्मींनी 'शिकागो थिएटर स्टँडर्ड्स' हा दस्तऐवज काढला. आपल्या कामाचा भाग हा, की तालीम सुरू होण्यापूर्वी तक्रार कुणाकडे न्यायची त्या माणसांची नावं लिहून सगळ्यांना द्यायची, आणि नटांचा एक प्रतिनिधी नटांनीच निवडायचा.

२० जणांनी एकत्र सही केली, यातच सगळं आलं. एकेकटी तक्रार तोवर 'नाजूक आहे, तिला झेपत नाही' म्हणून जिरत होती.

आणि लांब कशाला, वडसा-देसाईगंजला बघा. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर हंगाम, मंडईची म्हणजे गावजत्रेची रात्रभर चालणारी नाटकं, तालमी कमी आणि नट प्रयोगागणिक पैसे घेतो. कंपन्या अनेक, चांगला नट उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. तिथे दिग्दर्शकाचा दरारा तेवढा वाढतच नाही. कंपनीच्या मालकाचा वाढतो, तो वेगळा विषय. नागपुरात स्पर्धेच्या गटांत उलट आहे: पदक ज्याच्या नावावर मिळतं तो एकच आणि दुसऱ्या संस्थेत जायला नट कचरतो. म्हणून इथे अजून खपतं. कमी झालंय, हे खरं.

धरमपेठची विंग

सगळ्यांचे आभार. एक राहिलंच. प्रयोगाला १० दिवस उरलेत आणि नट म्हणतायत, एकतर हा दिग्दर्शक राहील नाहीतर आम्ही. नाटक सगळं त्याच्या डोक्यात. अशा वेळी काय?

प्रॉम्प्टरचा खड्डा

म्हणून ते त्याच्या डोक्यात राहूच द्यायचं नाही. पहिल्या दिवसापासून सहायकाकडे प्रयोगाची वही हवी: डाव्या पानावर संहिता, उजव्या पानावर हालचाली, विराम, प्रवेश कुठल्या विंगेतून, वस्तू कुणाच्या हातात. दिवे आणि संगीताचे क्यू पेन्सिलने, कारण ते बदलतात. क्यूशीटची एकेक प्रत ऑपरेटरकडे आणि संस्थेकडे. दर रविवारी वहीचे फोटो संस्थेच्या ड्राइव्हवर.

ही वही पूर्ण असेल तर १० दिवसांत सहायक नाटक उभं ठेवू शकतो. नवीन काही बसवायचं नाही, बसलेलं राखायचं, रोज एक रन. वही नसेल तर पहिले दोन दिवस तालीम थांबवा, नटांना एकेक प्रवेश आठवून सांगायला लावा आणि लिहून काढा. श्रेयनामावलीचा वाद मात्र त्या १० दिवसांत काढू नका. बसवलेलं त्याचं असेल तर दिग्दर्शक म्हणून नाव त्याचंच जाईल, आणि त्याला तालमीला यायची गरज नाही हे त्याला लेखी कळवा, संस्थेच्या दोघांच्या सहीने.