एकट्या पालकाने पाळणाघर घराजवळच घ्यावं, ऑफिसजवळ नको

खारीगावकर: राहायला ठाणे, काम नवी मुंबईत ऐरोली-महापेला आणि घरात दुसरं मोठं माणूस नाही, अशा आई-बाबांनी पाळणाघर घराजवळच बघावं, असं माझं ठाम मत आहे. ठाणे-नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर लोकल खोळंबली तर अडकतो आपण, मूल नाही. सकाळच्या गर्दीत कडेवर मूल, खांद्याला दोन बॅगा घेऊन गाडी पकडणं धोक्याचं आहे. पुढे शाळेची व्हॅनही घराजवळच सोडते. चौकशी करताना बंद व्हायची वेळ सगळेच विचारतात. आपल्याला उशीर झाला तर मूल कोणापाशी थांबेल, हे आधी विचारा.

मोगरा_ऐरोली: असहमत. अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय? मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावीच लागते आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. हा हक्क का सोडायचा? शिवाय दुपारी ताप आल्याचा फोन आला, तर महापेहून ठाण्यात घोडबंदरला पोचेपर्यंत जीव टांगणीला. निरोप द्यायला दुसरं कोणी नसतंच ना!

खारीगावकर: चार भेटी कायद्याने आईला आहेत. एकट्या बाबांनी काय करायचं? आणि तापाची तयारी आधी करता येते. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या आणि तो कागद बाटलीसोबत द्या. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 125 मिग्रॅ आणि 250 मिग्रॅ, असं दोन्ही मिळतं. 10 किलोच्या मुलाला 150 मिग्रॅ सांगितलं असेल, तर पहिलं 6 मिली, दुसरं 3 मिली. पहिलीऐवजी दुसरी बाटली आली आणि माप 6 मिलीच राहिलं की डोस दुप्पट जातो. म्हणून कागदावर नुसतं ‘6 मिली’ नको, बाटलीवरची ताकदही हवी. शेवटचा डोस किती वाजता दिला तेही.

मोगरा_ऐरोली: हे मान्य, कुठेही लागू आहे. पण परतीच्या गाडीत मूल दिवसभराचं सगळं सांगतं, कोणी चावलं, कोणी खाऊ दिला. घरी पोचल्यावर कुकर, कपडे, उद्याचा डबा यांत ते बोलणं राहूनच जातं. एकट्या पालकाला एवढा निवांत वेळ दुसरा कुठे मिळतो?

सानपाडा_पूर्व: संध्याकाळच्या गर्दीत निवांत? थकलेलं मूल झोपून जातं हो. माझं मत घराजवळच्या बाजूने. मात्र मूल न्यायला कोण येऊ शकतं, त्या दोघांची नावं फोटोसकट पाळणाघरात देऊन ठेवा. नाहीतर शेजारच्या काकू ऐनवेळी गेल्या, तरी चांगलं पाळणाघर मूल त्यांच्या हाती देणार नाही, आणि देऊही नये.