प्रति: किमतीनुसार यादी लावायची का?

इमारतीची सुरक्षा ठरवताना असेट रजिस्टरमधल्या (मालमत्तेच्या नोंदवहीतल्या) खरेदी किमतीनुसार उतरती यादी लावा आणि वरच्या गोष्टींना आधी सुरक्षा द्या, असं वरच्या पोस्टमध्ये सुचवलंय, ते मला अजिबात पटलं नाही. विम्यासाठी ठीक आहे, पण सुरक्षेत व्हॅल्यू म्हणजे ती गोष्ट गेली तर काय काय बंद पडेल, कुणाच्या जिवावर बेतेल आणि परत चालू व्हायला किती वेळ लागेल. अमेरिकेच्या फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या इमारतींच्या जोखीम मूल्यांकनावरच्या ‘फेमा ४५२’ मार्गदर्शिकेत (२००५) असेटला, म्हणजे जपायच्या गोष्टीला, १ ते १० गुण देतात, आणि त्यात आधी इमारतीतली मुख्य कामं कोणती ते विचारतात, मग ती कामं कशावर चालतात ते शोधतात. पुढे याच गुणाला धोका आणि कमकुवतपणाच्या गुणांनी गुणतात, म्हणजे हा आकडा चुकला की पुढचं सगळंच चुकतं.

आम्ही एका ऑफिस इमारतीचं असं मूल्यांकन केलं तेव्हा पहिल्या यादीत चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं) सगळ्यात वर होते, कारण महाग. मग मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन तळघरात फिरलो तर कळलं की मेन सप्लाय आणि जनरेटर दोन्ही एकाच चेंजओव्हर पॅनेलमधून (मेनवरून जनरेटरवर वीज बदलणाऱ्या) जातात, फायर पंपसुद्धा त्यावरच, आणि त्या खोलीला साधं कुलूपही नव्हतं! किमतीच्या यादीत ते पॅनेल पार तळाला होतं, आम्ही त्याला ९ दिले. त्यामुळे गुण देताना मॅनेजरसोबत रोज पाना-पक्कड हातात घेणारा माणूस बसवाच, त्याला जे माहीत असतं ते बऱ्याचदा ड्रॉइंगवर नसतं.