मदत हवी आहे: स्टीफन दोर सोडून पळाला की आधीच सटकला?

नाट्यवेडी: एकांकिका स्टीफनवर आहे, संहिता परवा द्यायची आहे. एकीकडे वाचलं की तो वेढ्यातून पळाला, दुसरीकडे रात्री तटावरून दोर सोडून उतरलेल्यांचा प्रसंग आहे. नक्की काय ते सांगा. 'गूगल कर' म्हणू नका, तिथेच गोंधळ झालाय.

टवाळ: कुठला स्टीफन? इंग्लंडचा राजा (1135 ते 1154) असेल तर त्याला दोर लागला नाही. पुढे बुडालेलं व्हाइट शिप जहाज सुटायच्या आधी उतरला, म्हणून वाचला.

नाट्यवेडी: अहो, पहिलं क्रुसेड, ख्रिश्चनांची जेरुसलेमवरची स्वारी! वाटेतल्या अँटिओक शहराचा वेढा!!

चिंतूकाका: मग त्या राजाचा बाप. ब्ल्वा आणि शार्त्रचा काउंट, विल्यम द कॉन्कररचा जावई. बायको अडेला.

गडकोट_वेडा: तुम्ही दोन माणसं एक केलीत. स्टीफन 2 जून 1098 ला आजाराचं निमित्त करून छावणीतून निघाला, तेव्हा क्रुसेडवाले बाहेरून वेढा घालून होते. त्याच रात्री शहराचा बुरुज राखणारा फिरोझ फितूर झाला, क्रुसेडचा एक सरदार बोहेमंड याची माणसं बुरुजावर चढली आणि 3 तारखेला शहर पडलं. मग मोसुलचा सरदार कर्बोघा फौज घेऊन आला आणि आत शिरलेले क्रुसेडवालेच कोंडले गेले. दोरावरून उतरले ते नॉर्मन सरदार विल्यम दे ग्रांमेनील आणि मंडळी, आठवडाभरानंतर. ते पुढे अलेक्झांड्रेटा बंदरात स्टीफनला भेटले.

टवाळ: आजार कसला, भेदरला होता. एक दिवस थांबला असता तर विजेत्यांत नाव लागलं असतं.

चिंतूकाका: भेकड म्हणणं सोपं आहे. खरा घोळ परतीच्या वाटेवर फिलोमेलियम गावी झाला. बायझंटाइन सम्राट अलेक्सियॉस मदतीला फौज घेऊन येत होता. सगळं संपलंय असं स्टीफन आणि मंडळींनी सांगितलं आणि तो माघारी वळला. 'सम्राट आलाच नाही' म्हणत बोहेमंडने अँटिओक दाबून ठेवलं ते ठेवलंच.

शस्त्रागार: रंगमंचावर तलवार जड दाखवू नका. खरी साधारण सव्वा किलोची असायची.

नाट्यवेडी: तलवार नाहीये नाटकात! अडेलाने त्याला परत हाकललं हे खरं का?

गडकोट_वेडा: शय्यागृहातली ती बोलणी इतिहास लिहिणारा मठवासी ऑर्डेरिक व्हिटालिस याने काही दशकांनी लिहिली. तो काय पडद्यामागे उभा होता? पण 1101 ला स्टीफन परत गेला हे पक्कं. 1102 चा ईस्टर जेरुसलेममध्ये केला, घरी निघाला तर वाऱ्याने जहाज याफा बंदरात परत आणलं. मे महिन्यात रामल्याच्या लढाईत मारला गेला.

चिंतूकाका: बाई, त्याची अडेलाला लिहिलेली पत्रं वापरा. अँटिओकच्या आधी लागलेल्या नायसियाहून लिहितो, अँटिओकने अडवलं नाही तर पाच आठवड्यांत जेरुसलेम. फौज तिथे पोचली जून 1099 ला. अँटिओकचं पत्र त्याच्या चॅप्लेन (खासगी धर्मगुरू) अलेक्झांडरने लिहून घेतलंय, म्हणजे एक पात्र आयतं मिळालं.

टवाळ: स्वतः लिहीत नव्हता म्हणजे अडाणीच की.

चिंतूकाका: सरदार लेखनिक ठेवायचे. आपल्याकडे चिटणीस काय करायचे?

नाट्यवेडी: भांडण नंतर. दोर विल्यमला दिला. रामल्याची लढाई दोन नटांत कशी दाखवू?

शस्त्रागार: दोनच नट? हे आधी का नाही सांगितलंत?