परफ्युजन: रक्तप्रवाह की रक्तपुरवठा?

घोडबंदरकर: ठाण्यातल्या एका तपासणी केंद्रासाठी मेंदूच्या एमआरआयचं माहितीपत्रक मराठीत करतोय. 'नॉन-इन्व्हेजिव्ह'ला काय लिहू? 'अनाक्रमक' सुचतोय. आणि 'परफ्युजन' म्हणजे रक्तप्रवाहच ना?

वाशीकर: एमआरआय मशीनवरच काम करते, म्हणून सांगते. अनाक्रमक नको हो, तो फलंदाज वाटतो! सरळ 'सुई न टोचता' लिहा. पण आधी पद्धत कुठली ते बघा. गॅडोलिनियमचं औषध शिरेतून देऊनही परफ्युजन करतात, तिथे सुई आलीच.

घोडबंदरकर: एएसएल, म्हणजे 'आर्टेरियल स्पिन लेबलिंग' आहे ताई.

वाशीकर: मग बिनधास्त लिहा. मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्याचं चुंबकीकरण रेडिओ लहरींनी उलटं करतात, तीच खूण. ते रक्त मेंदूत पोचेपर्यंत 2 सेकंदांच्या आसपास थांबायचं आणि चित्र घ्यायचं. दुसरं चित्र खुणेशिवाय. मग वजाबाकी, की उरतं ते फक्त खूण केलेलं रक्त. फरक जेमतेम 1 टक्क्याचा, त्यामुळे अशा जोड्या पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात. जास्त वेळ थांबावं तर खूणच विरते. त्यात पेशंटनं डोकं हलवलं की वजाबाकीचा बट्ट्याबोळ.

नेरूळचे काका: रक्तप्रवाह लिहू नका. एकक बघा: 100 ग्रॅम ऊतीला मिनिटाला किती मिलिलिटर. निरोगी प्रौढाच्या मेंदूतल्या करड्या भागात 60च्या आसपास, पांढऱ्यात बरंच कमी. कालव्यातून किती पाणी गेलं हा एक हिशेब, रानाला किती मिळालं हा दुसरा. परफ्युजन हा दुसरा. म्हणून रक्तपुरवठा. फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये रक्तवाहिनीतल्या रक्ताचा वेग मोजतात, तोही सुईशिवाय. तिथे रक्तप्रवाह शोभेल. डॉक्टर मंडळी 'सेरेब्रल ब्लड फ्लो' म्हणतात आणि मोजतात पुरवठाच, सगळा गोंधळ तिथूनच.

घोडबंदरकर: पटलं काका. 'लेबलिंग'ला 'चिन्हांकन' की 'खूण'?

वाशीकर: चिन्हांकन सरकारी वाटतं. पण नुसतं 'मानेजवळ खूण करतात' लिहिलंत तर पेनानं का, म्हणून विचारतील. 'रक्तावर चुंबकीय खूण' लिहा.

घोडबंदरकर: मग असं करतो: 'सुई न टोचता, औषध न देता मेंदूचा रक्तपुरवठा मोजणारी तपासणी.'

वाशीकर: छान. खाली ठळक अक्षरांत 'पेसमेकर किंवा शरीरात धातूची क्लिप असल्यास आधी सांगा' हेही टाका. सुई नाही म्हटलं की लोकांचं हे सांगायचं राहूनच जातं.