एकत्र बसून बाहुल्या करायच्या आहेत, बैठक निवांत कशी राहील?

धावदोरा:
नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं घरी कापडी बाहुल्या शिवते. आता मोठ्या माणसांचा दहा-बारा जणांचा गट जमवून दर आठवड्याला एकत्र बाहुली करायची असं ठरतंय. मला शिवणाचा क्लास काढायचा नाहीये. बाहुली करताना तासतासभर हातातल्या टाक्याशिवाय डोक्यात दुसरं काही येत नाही, ते सुख आणखी चार जणांना मिळावं असं फार मनापासून वाटतं. जागा आहे, अडीच तास मिळतात. गटातल्या दोघा-तिघांनाच शिवता येतं. दोघींना बारीक दिसत नाही आणि एका काकांचा हात थरथरतो. सुरुवातीला "आता सगळे शांत बसू या" असं सांगायचं का? आणि अडीच तासांत बाहुली पुरी कशी करून घ्यायची? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, प्लीज.

रिळवाली:
ताई, एका बैठकीत बाहुली पुरी करायचा बेत सोडून द्या. पंचवीस-तीस सेंटिमीटरची साधी बाहुली रेटून नेली तर कदाचित होईलही, पण मग प्रत्येकाचं अर्धं लक्ष घड्याळात. मी चार बैठका धरते. पहिलीत शिवण, पुढच्या दोन्हींत भरण, शेवटी चेहरा आणि केस. कपडे ज्याने त्याने आपल्या सवडीने करावेत.

"शांत बसू या" असं मी कधीच म्हणत नाही. तसं म्हटलं की माणसं अवघडून बसतात, कुणाला खोकला आला तरी दबकून खोकतात. गोंधळ होतो तो अडल्यामुळे. सुईत दोरा जात नाही, कात्री सापडत नाही, कापड सरकलं, "ताई, माझं बघा ना". ही अडणारी कामं आदल्या दिवशी मी स्वतः उरकते.

सुयांचंच घ्या. प्रत्येकाच्या पिनकुशनवर पाच सुया दोरा ओवून, गाठ मारून तयार ठेवते. ज्यांना बारीक दिसत नाही त्यांच्यासाठी मोठ्या नेढ्याच्या सुया. दोरा पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास, त्याहून लांब घेतला की पीळ बसून गाठी पडतात आणि माणूस वैतागतो. संपलेली सुई ताटलीत ठेवायची, दुसरी घ्यायची. एवढ्या एका सोयीने बैठकीचा नूर बदलतो, माझ्यावर विश्वास ठेवा.

दुसरं कातरकाम. नवख्यांनी आधी कापून मग शिवायला घेतलं की मानेच्या नि हाताच्या वळणावर दोन्ही थर एकमेकांवरून सरकतात. मी धुऊन इस्त्री केलेलं सुती कापड सुलट बाजू आत ठेवून दुमडते, पुठ्ठ्याचा साचा ठेवून रेघ काढते आणि तसंच देते. त्या रेघेवरून उलट टीप (दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन घालायचा पक्का टाका) घालायची. कापायचं ते शिवून झाल्यावर, बाहेरून अर्धा सेंटिमीटर माया, म्हणजे टिपेबाहेरचं जादा कापड, सोडून. भरायला तोंड ठेवायचं ते पाठीच्या सरळ रेषेवर, वळणावर कधीच नको, कारण वळणावरचं तोंड मागाहून सफाईने मिटत नाही. वळणांना टिपेपर्यंत बारीक खाचा द्यायला विसरू नका, टीप मात्र तुटता कामा नये. खाचा नसतील तर उलटवल्यावर मानेला चुण्या पडतात. आणि साचा ठेवताना दोन्ही हातांना, दोन्ही पायांना धागा एकाच दिशेचा घ्या. सुती कापड आडव्या धाग्यात जास्त ताणतं. एक हात उभा आणि एक आडवा कापला गेला तर भरल्यावर एक जाड होतो, दुसरा लांबतो, आणि तो का झाला हे बिचाऱ्याला कळतही नाही.

आता भरण. माझ्या मते सगळ्या बैठकीचा जीव इथे आहे, म्हणून मी त्याला दोन बैठका देते. फायबर असो की लोकर, सगळ्यांच्या मधोमध एकच मोठी पाटी ठेवते. आधी नुसतं पिंजायचं. बोटांनी ओढून ओढून हलकं करायचं, गुठळी राहू द्यायची नाही. यात चुकण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात सुई धरलेली नाही तेही निर्धास्त असतात. बोलणं आपोआप खाली येतं. मग तळहातापासून, पावलांपासून सुरुवात. टोकाला नखाएवढा पुंजका, बोथट काडीने हलके सरकवायचा. धडाला मोठे मोकळे पुंजके, कारण छोट्या छोट्या गोळ्या कोंबल्या की बाहेरून गाठी दिसतात. मानेत भरपूर. धड हातात धरून बाहुली हलवली तर डोकं डुलता कामा नये. मान भरायला खरोखर वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा. कुणी विचारलं "झालं का?" तर मी उत्तर देत नाही, म्हणते दाबून बघा. दहा मिनिटांनी ते स्वतःच सांगतात की अजून जाईल.

मी दाखवायचं ते सुरुवातीलाच दाखवते आणि मग स्वतःची बाहुली घेऊन बसते. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चालवणारी बाई उभी राहून फिरत असेल तर सगळे तिच्याकडे बघत राहतात. ती खाली मान घालून शिवायला लागली की इतरांच्याही माना खाली जातात. गाणी मी लावत नाही. गाण्याची एक लय असते आणि सगळ्यांचे हात तिच्यामागे धावतात. पिंजणाऱ्याची आणि टाका घालणाऱ्याची गती वेगळी असते, ती तशीच राहू द्या.

शेवटची दहा मिनिटं आवरायला राखून ठेवा. अर्धी बाहुली नावाच्या पिशवीत, आणि पिशवी तुमच्याकडेच. घरी नेली की कुणीतरी रात्री मशीनवर दामटून पुरी करतं. सुया मोजून परत घ्या. खाली पडलेल्या शोधायला एक लोहचुंबक ठेवा.

उसवण:
रिळवालीताईंचं बहुतेक सगळं पटलं, फक्त एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. माझ्या गटात एकटे राहणारे लोक जास्त आहेत. त्यांच्या घरी शांतता भरपूर आहे, ते येतात ते बोलायला. मी पहिला पाऊण तास पूर्ण मोकळा सोडतो आणि त्या वेळात फक्त पिंजणं ठेवतो. बोलून झालं की ती माणसं मन लावून काम करतात. बोलणं ऐकायची सोय हवी म्हणून टेबल गोल किंवा चौकोनी घ्या. लांब टेबलावर टोकाची दोन माणसं एकटी पडतात.

थरथरणाऱ्या हाताच्या काकांना सुईच देऊ नका. युक्रेनमध्ये मोतांका नावाची बाहुली करतात, ती कापड गुंडाळून आणि दोऱ्याने बांधून होते, सुई लागतच नाही. चेहरा कोरा ठेवतात किंवा त्यावर दोऱ्यांची फुली गुंडाळतात. एका चौकोनी कापडात भरण ठेवायचं, गळ्याशी दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे, हातांसाठी दुसरी गुंडाळी आडवी बांधायची. वेढे देताना हात थरथरला तरी बिघडत नाही. आमच्याकडे एका आजोबांनी तशी केली आणि मग शिवता येणाऱ्या चौघीही त्याच करायला बसल्या.

टाचणी:
चेहऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सगळ्यात जास्त घाबरतात ते इथे. "आत्तापर्यंत छान झाली, आता बिघडवीन" हे वाक्य हमखास येतं. पेन्सिल हातात देण्याआधी रंगीत डोक्याच्या तीन टाचण्या द्या, दोन डोळ्यांना, एक तोंडाला. टाचण्या हलवत बसू द्या हवा तितका वेळ. डोळे डोक्याच्या मध्याच्या जरा खाली आणि एकमेकांपासून लांब घेतले की चेहरा लहान मुलाचा होतो. दोन-तीन मिलिमीटरने भाव पालटतो, ते बघताना माणसं अगदी गुंग होतात. मग टाचणीच्या जागी ठिपका आणि भरतकामाचा दोरा. जर्मनीत सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळांमधल्या मुलांच्या बाहुलीला डोळे-तोंड मुद्दाम अगदी थोडक्यात दाखवतात, हसू-रडू मुलाने स्वतः कल्पावं म्हणून. भित्र्या माणसांना हे सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

दोन सूचना. पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या खुणांवर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने त्या पक्क्या बसतात. आणि बाहुली तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची असेल तर बटणाचे डोळे, मणी अजिबात नकोत, निघून तोंडात जातात. डोळे भरतकामानेच काढा.

धावदोरा:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पिंजणं आणि ओवलेल्या सुया तर नक्की. चार बैठकांचंही पटलं. काकांना मोतांकाच देईन.
एक विचारायचं राहिलं. गटातल्या एकीचे वडील नुकतेच गेले. त्यांच्या सदऱ्याची बाहुली करायची अशी तिची इच्छा आहे. सदरा जुना, धुऊन धुऊन विरलेला. मला जरा धास्ती वाटते. सगळ्यांसमोर तो कापायचा कसा?

रिळवाली:
ताई, तिला करू द्या. असं कापड घेऊन माणसं येतात. पहिल्या बैठकीत मात्र नको. पहिली बाहुली तिने सगळ्यांबरोबर साध्या कापडाची करावी, म्हणजे हात बसेल आणि सदऱ्यावर शिकायची वेळ येणार नाही.

कापायचं तिनेच, दुसऱ्या कुणी नाही. तिला जमत नसेल तर त्या दिवशी नुसती घडी घालून ठेवा, कुणी घाई करू नका. बाकीच्यांना आधी एका वाक्यात सांगून ठेवा, म्हणजे प्रश्नांचा मारा होत नाही. कापायच्या आधी सदरा उजेडासमोर धरून बघा. कोपर आणि कॉलर सगळ्यात विरलेली असते, पाठीचा वरचा भाग आणि खालचा घेर बऱ्यापैकी शाबूत निघतो. साचा तिथे ठेवा. बटणपट्टी अख्खी राखून ठेवा, तिचा बाहुलीचा अंगरखा फार सुंदर होतो. खिसा असेल तर तोही उसवून काढा, कापू नका.

विरलेलं कापड भरणाचा ताण सोसत नाही, टिपेशी फाटतं. म्हणून आकार आखण्याआधी त्याच्या उलट बाजूला पातळ चिकट अस्तर इस्त्रीने लावून घ्या. आधी खालच्या घेराच्या कोपऱ्यावर लावून बघा, फार जाड लावलं तर उलटवताना हात-पाय अडकतात. माया अर्ध्याऐवजी पाऊण सेंटिमीटर ठेवा. आणि या बाहुलीचं भरण थोडं सैल ठेवायला सांगा, मान सोडून.