मदत हवी आहे: १४२० मेगाहर्ट्झचा एलएनए (कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर), डेटाशीट आणि सिम्युलेटरचं जुळेना

राजेहो, दारव्हा तालुक्यातल्या गावात बसून आकाशातल्या हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेडिओ रेषा पकडायचा खटाटोप चालू आहे. तेलाच्या पिप्यांचे पत्रे कापून हॉर्न अँटेना केलाय, आरटीएल-एसडीआर (कॉम्प्युटरला जोडायचा रेडिओ रिसीव्हर) आहे. गाडी अडलीय ती हॉर्नच्या बुडाशी बसवायच्या एलएनएपाशी. तयार मॉड्यूल मिळतं हे माहीत आहे, ते सुचवू नका.

ट्रान्झिस्टर बीएफपी४२०. डेटाशीटप्रमाणे १.८ गिगाहर्ट्झला, २ व्होल्ट ५ मिलिअँपवर नॉइज फिगर (ट्रान्झिस्टर स्वतः किती गोंगाट घालतो त्याचा आकडा) १.१ डीबी, तेही सोर्स इम्पिडन्स त्याला हवा तसा दिला तरच. ट्रान्झिस्टरच्या फाइलीतले एफमिन, आरएन, गॅमा-ऑप्ट (नॉइजचा हिशेब करायचे आकडे) ठरावीक बायसचेच, म्हणजे ठरावीक व्होल्टेज-करंटचेच आहेत आणि मला करंट बदलून पाहायचाय. म्हणून एलटीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये ट्रान्झिस्टरचं गुमेल-पून हे गणिती मॉडेल घेतलं. डेटाशीटच्याच बायसला, इनपुट जुळवूनही, आकडा दीड डीबीच्या खाली उतरत नाही.

या मॉडेलात मुख्य नॉइज तीन: बेसच्या रोधाचा थर्मल (उष्णतेमुळे होणारा), बेस करंटचा शॉट (करंट सुट्या इलेक्ट्रॉनांनी वाहतो म्हणून होणारा) आणि कलेक्टर करंटचा शॉट. दोन्ही शॉट नॉइज एकमेकांशी संबंध नसलेले धरतात, प्रत्यक्षात वरच्या फ्रिक्वेन्सीला तो असतो. फरक यामुळेच पडतोय का?

दुसरं म्हणजे तापमान. मे महिन्यात पत्र्याखाली ४५ अंश सहज होतात. सिम्युलेशनचं तापमान ४५ केलं तर आकडा जवळजवळ हलतच नाही. असं काऊन? (कृषिपंपाचा स्टार्टर बंद ठेवा म्हणू नका, तो गोंगाट वेगळा.)

प्रतिसाद:
भाऊ, त्या संबंधाच्या मागे लागू नका. या ट्रान्झिस्टरचा एफटी (करंट गेन एकवर येतो ती फ्रिक्वेन्सी) २५ गिगाहर्ट्झच्या घरात आहे, १.४ गिगाहर्ट्झला त्या संबंधाचा परिणाम नगण्य. आधी पाहा, नुसत्या चिपचं मॉडेल घेतलंय की पॅकेजचे इंडक्टन्स-कपॅसिटन्सही घातलेत? मग नॉइज अॅनालिसिसमध्ये एकेका घटकावर क्लिक करून कोणाचा वाटा किती ते बघा. मला संशय आरबीचा (मॉडेलातला बेसचा रोध) आणि तुमच्या इनपुट कॉइलच्या क्यूचा (क्यू कमी म्हणजे कॉइलीत लॉस जास्त). आरबी बऱ्याचदा डीसी आणि एस-पॅरामीटर (सिग्नल किती पुढे जातो, किती परततो ते आकडे) जुळवायला बसवलेला असतो, नॉइजसाठी नाही.

तापमानाचं कोडं सोपं आहे. सगळं ४५ केलं की सोर्सचा रोधही ४५ ला जातो, नॉइज फिगर म्हणजे एकूण गोंगाट आणि सोर्सचा गोंगाट यांचं गुणोत्तर, मग ते कसं हलणार? नॉइज फिगरची व्याख्या २९० केल्विनवर आहे. सोर्सच्या रोधाला स्वतंत्र १७ अंश द्या.

पण तुमचा हॉर्न पाहणार थंड आकाश, तेव्हा हिशेब केल्विनमध्येच करा. १.१ डीबी म्हणजे सुमारे ८४ केल्विन. एलएनएच्या आधी केबलीत अर्धा डीबी लॉस ४५ अंशांवर असला की बेरीज १३३ केल्विनच्या आसपास जाते. म्हणजे करंट इकडेतिकडे करून जे मिळेल त्यापेक्षा जास्त तुम्ही केबलीत घालवाल. एलएनए प्रोबला (हॉर्नच्या आतल्या सिग्नल उचलणाऱ्या तारेला) चिकटवा.

धागाकर्ता:
पॅकेज घातलेलंच नव्हतं, आज रात्री लाईन आली की घालतो. पण बांधून झाल्यावर तपासू कसं? नॉइज सोर्स (मोजमापासाठी ठरावीक गोंगाट देणारं उपकरण) इकडे कोणाकडेच नाही.

प्रतिसाद:
हॉर्न एकदा डोक्यावरच्या आकाशाकडे, एकदा तोंड पूर्ण झाकलं जाईल असा वावराच्या मातीकडे. जमीन ३१८ केल्विन, आकाश १० च्या आसपास धरा. वरचे १३३ खरे असतील तर दोन्हींत सुमारे ५ डीबीचा फरक दिसला पाहिजे. एसडीआरचा ऑटो गेन मात्र बंद ठेवा, नाहीतर फरक तोच खाऊन टाकेल.